शिवमचं जावळ

जीप धर्मशाळेच्या फाटकात शिरली तेव्हा सिंधुनं पदराला हात पुसले, आणि पुसून झाल्यावर पुन्हा पुसले. पहाटेपासून ती पुरण शिजवत होती खरी, पण हाताला आता काही लागलेलं नव्हतं. शिवमला बघून वर्ष होऊन गेलं होतं. वर्षभर तिनं फोनवर त्याचं कपाळ पाहिलं, नाक पाहिलं, कधी नुसता कान पाहिला. कारण लातूरच्या त्या घरात लेकरू फोन धरायचं तेही आपल्याच हातानं, आणि कोणी तो सरळ करून द्यायचं नाही. आज ते अख्खं लेकरू माहूरला येत होतं, जावळासाठी.

सिंधुचा भाऊ दयानंद उतरला, त्याची बायको ऋतुजा उतरली, मागून ऋतुजाचा थोरला भाऊ अमृतराव उतरला. शिवम उतरेना. म्हणजे उतरत होता, पण त्याच्या पद्धतीनं. आधी सीटवर पालथा झाला, एक पाय खाली सोडला, तो पुरेना म्हणून वर घेतला, मग दुसरा सोडून पाहिला. ऋतुजा शेजारी हात मागं बांधून उभी. ड्रायव्हर उचलायला पुढं झाला तर म्हणाली, "राहू द्या दादा, तो उतरतोय."

"आगं पडंल ते," सिंधुची आई साखराबाई ओसरीवरून म्हणाली. "बाप हाय, मामा हाय, दोन-दोन गडी उभे हायेत आन लेकरू लोंबकळून राह्यलंय."

"पडणार नाही, आई. त्याला जमतं."

जमलं. तेवढ्या वेळात एखाद्यानं चहा पिऊन कप धुऊन ठेवला असता, पण जमलं. शिवमनं चड्डीची धूळ झटकली आणि आईकडं पाहिलं. ऋतुजा म्हणाली, "तू एकटा उतरलास." शाब्बास नाही, माझा वाघ नाही, काही नाही. लेकराचं कौतुक करायलाही या बाईला पैसे पडतात की काय, असं सिंधुच्या मनात येऊन गेलं.

आणि मग तिला राहवलं नाही. ती पायऱ्या उतरून खाली बसली, दोन्ही हात पसरले. "ये माझ्या राजा. ये."

शिवमनं तिच्या हातांकडं पाहिलं, मग तोंडाकडं पाहिलं, आणि आईच्या गुडघ्यामागं गेला.

"आरं आत्या हाय तुझी," साखराबाई म्हणाली. "जा की. ढकल गं त्याला जरा."

ऋतुजानं ढकललं नाही. ती त्याच्या उंचीला वाकली. "शिवम, ही सिंधुआत्या. तुला जावंसं वाटलं तर जा. आत्ता नको असेल तर तसं सांग."

"आत्ता नको," शिवम म्हणाला. तलाठ्यानं 'उद्या या' म्हणावं इतक्या शांतपणे म्हणाला.

सिंधुचे हात तसेच राहिले. पसरलेले हात माघारी घ्यायचे कसे हे माणसाला कुणी शिकवत नाही. तिनं त्या हातांनी अंबाडा सारखा केला, जो मुळात सारखाच होता, आणि ती पुरणाकडं निघून गेली.

ह्या लेकराचा पहिला शब्द 'माय' होता आणि तो सिंधुला म्हटलेला होता, हे त्या घरात ज्याला त्याला ठाऊक होतं आणि कोणी तो विषय काढत नव्हतं. शिवम पाच महिन्यांचा असताना औशाच्या रस्त्यावर ऋतुजाच्या स्कूटीला टेम्पोनं उडवलं. मणक्याचं ऑपरेशन झालं, बाई वर्षाहून जास्त अंथरुणाला खिळली. लेकरू आजीकडं इस्लापूरला आलं. तिथं सिंधु होती. देगलूरला नांदायला गेलेली आणि मूल होत नाही म्हणून परत पाठवलेली सिंधु. तिनं त्या लेकराचा पाय जमिनीला लागू दिला नाही. तिच्या पोटावर ते झोपलं, तिच्या बोटानं जेवलं, तिच्या काखेत बसून त्यानं सहस्रकुंडाच्या धबधब्याचं पाणी बघितलं. मग ऋतुजा उठून उभी राहिली आणि लेकराला न्यायला आली. शिवम सिंधुच्या गळ्याला चिकटला. दयानंदानं त्याला कमरेला धरून ओढलं, आणि ते सुटेना तेव्हा सिंधुनंच त्याची बोटं एकेक करून आपल्या मानेवरून उकलली. गाडी गेली. त्या दिवसापासून सिंधु जेवत होती, शिवणाची मशीन चालवत होती, बायकांत बसून हसत होती. पण तिचं निम्मं अंग लातूरला होतं, आणि उरलेलं इकडं नुसतं वाट बघत होतं.

म्हणून हे जावळ. जावळाला मामाची मांडी लागते आणि आत्याचा पदर लागतो. मामा लेकराला घेऊन बसतो, आत्या समोर पदर पसरते, आणि पहिले केस भुईला न पडता तिच्या पदरात पडतात. मग तीच ते पैनगंगेत सोडते. शिवमला सख्खी आत्या एकच. काही झालं तरी आज त्याला तिच्याजवळ बसावं लागणार होतं, त्याच्या श्वासाएवढ्या अंतरावर. इतकी तिची जागा पक्की होती आणि तेवढ्यासाठी ती महिनाभर जगली होती.

स्वयंपाकाच्या खोलीत शिवम केळं घेऊन बसला. सालीचं टोक त्याला सापडेना. सिंधुचा हात आपोआप पुढं गेला.

"ताई, त्याला करू द्या," ऋतुजा म्हणाली. मग शिवमला, "मदत हवी असली तर सांग हं. मी इथंच आहे."

"केळं सोलायला बी आता अर्ज करायचा का आम्ही?" सिंधु म्हणाली.

शिवम केळं घेऊन दारात गेला. ऋतुजानं पाट ओढला आणि सिंधुसमोर बसली. पाठ ताठ ठेवून बसावं लागायचं तिला, कमरेला पट्टा होता.

"तुम्ही रागावलात."

"मी कशाला रागवू. लेकरू तुझं हाय."

"ताई, मी अंथरुणात होते ना, तेव्हा सगळे माझं करायचे. माझी आई करायची, नर्स करायची. लई मायेनं करायचे. पण कुशीवर वळवताना कोणी म्हणायचं नाही, की ऋतुजा, आता वळवतोय. तोंडात घास यायचा, मला भूक आहे का कोणी विचारायचं नाही. मी पडल्या पडल्या ठरवलं होतं, उठले तर माझ्या लेकराला मी आधी सांगेन, मग हात लावेन. एवढंच आहे बघा. पुढं बालवाडीच्या बाईंचा कोर्स केला, त्यात त्याचं शिक्षणही घेतलं, पण मूळ तिथलं आहे."

सिंधुनं पुरण वाटणं थांबवलं नाही. पण वरवंटा हळू झाला.

"ते इसरलं मला," ती म्हणाली.

"विसरला असता तर आला असता. तो दूधवाल्याकडं जातो, कुणाकडंही जातो. तुमच्याकडं आला नाही." ऋतुजानं दाराकडं पाहून आवाज खाली घेतला. "लातूरला आणल्यावर जीपचा आवाज आला की तो दाराशी जाऊन उभा राहायचा. रडायचा नाही. नुसता उभा."

"किती दिवस?"

"खूप. मोजायची माझी छाती नव्हती. आणि अजून कोणी न सांगता उचललं ना, की तो लाकडासारखा होतो. हात नाही हलवत, तोंडातून आवाज नाही. लोक म्हणतात, किती शहाणं लेकरू."

सिंधुला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोला. आपल्यासाठी कोणीतरी दाराशी उभं राहिलं, हे ऐकून तिच्या पोटात गार पाणी गेल्यासारखं झालं. मग त्या बरं वाटण्याची तिला लाज वाटली आणि तिनं वरवंटा इतका दाबला की पुरण पाट्याखाली उतरलं.

न्हावी भुजंग ओसरीवर येऊन बसला होता. माघाचा महिना, गडाखाली जिथं तिथं जावळं, त्याला घाई होती. ऋतुजानं शिवमला शेजारी घेतलं आणि भुजंगाची मशीन त्याच्या हातात दिली.

"ही केस कापायची मशीन. आवाज करते. दुखत नाही, गुदगुल्या होतात. आज तुझे केस कापायचे आहेत. मामाच्या मांडीवर बसतोस का माझ्या?"

शिवमनं मशीन उलटी केली, सुलटी केली, बटन दाबलं. ती घरघरली तशी त्यानं खाली ठेवली. "नको."

"बरं. थोड्या वेळानं विचारते."

थोड्या वेळानं विचारलं. "नको." नैवेद्य गडावर जाऊन आला, तांबूल वाटून झाला, पुन्हा विचारलं. "नको, आई."

"अहो," ऋतुजा दयानंदाला म्हणाली, "आज राहू द्या."

दयानंद बायकोच्या बाजूनं होता, सकाळपासून होता. पण त्यानं आईकडं बघितलं.

साखराबाई उठून उभी राहिली. "लेकराला इचारून कुठं जावळ काढतेत गं? उद्या म्हणंल नाव नको, मग बिननावाचा ठेवशील? फागुनात तिसरं भरतंय. चौथ्यात चालत न्हाई, आता न्हाई तर पाचव्यात."

"पाचव्यात करू, आई."

"आन माझा नवस?" साखराबाईचा आवाज अचानक बसला. "तू हतरुणाला खिळलीस तवा मी रेणुकामायला बोलले व्हते. माझी सून पायावर उभी राहू दे, नातवाचं जावळ तुझ्या पायथ्याशी काढीन. तू उभी हायेस ना? मग?"

सासू आपल्या पायांसाठी देवीशी बोलली होती हे ऋतुजाला आज कळत होतं. ती खांबाला टेकली आणि दुसरीकडं बघायला लागली.

तेवढं बघून दयानंद फिरला. "दोन मिनिटांचं काम हाय. लेकरू हाय, रडंल आन इसरंल. भाऊ, बसा तुम्ही मांडी घालून."

"दाजी म्हणतेत तर," अमृतराव बहिणीकडं न बघता म्हणाला, आणि बसला.

"चल बाळा," साखराबाईनं शिवमचं बोट धरलं, "तिकडं बकरू हाय बग मामाजवळ. लई गोजिरवाणं हाय. चल दाखवते."

शिवम आनंदानं गेला. बकरू नव्हतं. मामा होता, मामाच्या मांड्या होत्या, आणि कुठं बकरू आहे हे बघायला तो वळतो न वळतो तोच मामाच्या हातांचा वेढा पडला.

"आत्या कोण हाय?" भुजंग म्हणाला. "धरा ताई पदर."

सिंधु समोर बसली. पदर पसरला. महिनाभर तिनं हेच डोळ्यांपुढं आणलं होतं, आणि ते सगळं तसंच होतं. त्याच्या केसांचा वास आला. ह्याच केसांना तिनं तेल चोळलं होतं, ह्याच कानामागं तीट लावली होती. हात लांबवला असता तर गालाला लागला असता. शिवम तिच्याकडं बघत नव्हता. कुणाकडंच बघत नव्हता. हात मांडीला चिकटलेले, ओठ मिटलेले.

"बघा, कसं बसलंय," अमृतराव म्हणाला. "उगीच काळजी करत होतो. शहाणं हाय."

मशीन घरघरायला लागली. सिंधुनं पदर गोळा केला, पिळा घातला आणि कमरेला खोचला.

"मी न्हाई धरणार."

भुजंगानं मशीन बंद केली. दयानंद म्हणाला, "म्हणजे?"

"म्हणजे न्हाई. अमृतभाऊ, हात काढा."

"सिंधे, येडी झालीस का," साखराबाई म्हणाली. "जल्मात एकदा मिळतंय हे. तुझ्या पदरात दुसरं काय पडायचं हाय आता?"

सख्खी आई असं बोलली की माणूस आधी खरंच ऐकलं का ते तपासतं. सिंधुनंही तपासलं. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं येऊ दिलं.

"काय पडायचं ते पडंल, माय. पण लाकूड झालंय ते. तू हात लावून बग त्याच्या पायाला. बग तरी."

साखराबाई काय, ऐकणारी बाई नव्हे. पण ती वाकली आणि तिनं नातवाचं पाऊल हातात घेतलं. बोटं आत वळून घट्ट झालेली. तिनं अंगठा सरळ करून पाहिला, तो होईना.

"नवस माझा हाय," ती म्हणाली, पण आता ते भांडणासारखं वाटलं नाही.

"तर मी जाते गडावर. सांगते रेणुकामायला, अडवणारी आत्या हाय, सासू न्हाई आन सून बी न्हाई. काय शिक्षा करायची ती मला कर म्हणते."

अमृतरावानं हात काढले. शिवम तरी हलला नाही. मग हळूच पालथा झाला, मांडीवरून घसरून खाली उतरला आणि चालत, पळत नाही, चालत गेला आणि कोपऱ्यातल्या धान्याच्या कोठीमागं जाऊन बसला. भुजंगानं पिशवी आवरली, पुढच्या ओसरीवर दुसरं जावळ खोळंबलं होतं.

दयानंद कोठीकडं निघाला तसा ऋतुजा म्हणाली, "अहो, नका." तो थांबला. आज दिवसभर तो थांबण्यात आणि निघण्यातच होता बिचारा.

सिंधु कोठीपासून चार हातांवर भिंतीला टेकून बसली. लेकराशी बोलायची तिची भाषा म्हणजे राजा, सोन्या, हे घे, ते खा, ये इकडं, नाहीतर बागुलबुवा. त्यातलं एकही आज कामाचं नव्हतं.

"शिवम," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. "मी हितं बसले. तुला यायचं तर ये. नाही आलास तरी मला राग न्हाई."

खरं तर नाही आला तर तिचं काळीज फाटणार होतं. पण ते लेकराला सांगायचं नसतं, एवढं तिला आता कळलं होतं.

बऱ्याच वेळानं कोठीमागून डोकं आलं. जावळासकट. मग खांदे आले. शिवम बाहेर आला, सिंधुसमोरून गेला, इतका जवळून की त्याच्या चड्डीची नाडी तिच्या गुडघ्याला घासली, आणि सरळ जाऊन आईच्या कुशीत शिरला.

ऋतुजानं त्याच्या डोक्यावरून सिंधुकडं पाहिलं. बाईच्या डोळ्यांत माफी होती. सिंधुला ती नको होती. आपणच दार उघडलं आणि लेकरू त्याला हवं तिथं गेलं, आता तक्रार कुणाकडं करायची? ती ताटं मांडायला उठली.

जेवताना शिवम येऊन तिच्या शेजारच्या पाटावर बसला. कोणी बसवलं नाही, तो बसला. त्यानं पोळीचा तुकडा तोडला, म्हणजे तोडायला घेतला. सिंधुनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. त्या हातांना भरवायची इतकी सवय होती की मोकळे ठेवले असते तर गेलेच असते.

"तूप," शिवम म्हणाला.

तिनं तुपाची वाटी त्याच्यासमोर सरकवली. त्यानं ती उचलली आणि निम्मं तूप पोळीवर, निम्मं फरशीवर ओतलं. साखराबाई बोलायला तोंड उघडत होती.

"सांडलं," सिंधु म्हणाली. "फडकं तिकडं हाय बग, चुलीजवळ."

शिवम उठला, फडकं आणलं आणि पुसलं. आधी होतं त्याच्या तिप्पट जागेत तूप पसरलं. "पुसलं," त्यानं सांगितलं. "पुसलंस," ती म्हणाली. तो पुन्हा बसला, आणि जेवता जेवता त्याचा गुडघा तिच्या गुडघ्याला टेकला आणि तिथंच राहिला. सिंधुनं त्या जेवणात एक घासही खाल्ला नाही, आणि इतकी पोटभर ती वर्षात जेवली नव्हती.

उन्हं कलली तशी जीप निघायची वेळ झाली. साखराबाईनं सुनेला खणनारळ दिला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "पाचव्यात तरी काढू देईल ना ते?" "विचारू त्याला," ऋतुजा म्हणाली, आणि दोघीही थोड्या हसल्या.

शिवम जीपच्या पायरीवर हात ठेवून उभा राहिला. चढेना. मागं वळून सिंधुकडं बघायला लागला.

"पापी घेऊ का एक?" सिंधुनं विचारलं.

"नको."

"बरं."

तो तरी बघतच राहिला. मग म्हणाला, "तू येणार?"

सगळे एकदम बोलले. "हाव तर, येती की," साखराबाई म्हणाली. दयानंद म्हणाला, "आत्या मागच्या गाडीनं येतीया, तू बस लवकर." अमृतराव तर रस्त्याकडं बोट दाखवून मागची गाडीही दाखवायला लागला. शिवमनं त्यांच्यातल्या एकाकडंही पाहिलं नाही. तो सिंधुच्या तोंडाकडं बघत होता.

एक 'हाव' म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर लेकरू हसलं असतं, कदाचित गळ्यातही पडलं असतं. गाडी सुटेपर्यंत तरी तो तिचा झाला असता. तिला ते इतकं हवं होतं की जीभ शिवशिवली.

"न्हाई, राजा," ती म्हणाली. "मी न्हाई येणार. तू लातूरला जाणार, मी इस्लापूरला जाणार."

"उद्या?"

"उद्या बी न्हाई."

शिवमचं तोंड आधी वाकडं झालं, मग ओठ थरथरले, आणि मग तो रडला. हुंदका नाही, कण्हणं नाही, भोकाड. फाटकापाशी फुलं विकणारी बाई वळून बघायला लागली. तो दोन्ही मुठी वळून, पाय आपटून, अख्ख्या अंगानं रडत होता.

"झालं समाधान?" दयानंद म्हणाला. "रडवलंस ना त्याला?"

ऋतुजा पुढं आली. लेकराजवळ वाकली, पाठ दुखत असणार. "उचलू?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. तिनं उचललं, आणि गप गप म्हटलं नाही, चॉकलेट म्हटलं नाही. ती सिंधुकडं तोंड करूनच उभी राहिली आणि लेकराला म्हणाली, "तुला आत्या हवी आहे."

"हाव," शिवम म्हणाला. लातूरच्या त्या घरात कोणी 'हो'ला हाव म्हणत नव्हतं, तो शब्द इस्लापूरचा.

"खूप हवी आहे."

"हाव."

जीप निघाली. काच खाली होती, रडणं रस्त्यावर येत होतं. सिंधु फाटकात उभी राहिली. तिनं हात हलवला नाही, तोंड झाकलं नाही.

"खोटं बोलली असतीस तर हसत गेलं असतं लेकरू," साखराबाई मागून म्हणाली.

"हाव, माय," सिंधु म्हणाली, आणि ते रडणं पार ऐकू येईनासं होईपर्यंत तिथंच उभी राहिली.